रामकुंडापासून तरणतलावापर्यंत

आपल्या शहरांतील नगरभवन, वाचनालय, उद्यान, रुग्णालय ह्या संस्थांविषयीं एक समजूत सुशिक्षितांत इतकी रूढ झाली आहे कीं, तिची तपासणी करण्याची गरज कोणास वाटत नाहीं. ती समजूत अशी कीं, ह्या सर्व गोष्टी इंग्रजांबरोबर आल्या, तयार स्थितींत आल्या, आणि आपण त्या जशाच्या तशा उचलल्या. पोहण्याचा सार्वजनिक तलाव तर ह्या यादींत हटकून येतो. सिमेंटचा भला मोठा हौद, निळ्या फरशा, तोंडांत शिटी धरलेला रक्षक आणि दाराशीं तिकिटाची खिडकी, हें सारें पाहिल्यावर त्याचा आपल्या जुन्या तीर्थांशीं कांहीं संबंध असेल असें सहसा मनांत येत नाहीं. नाशकांत तर दोन्ही गोष्टी रोज डोळ्यांसमोर असूनहि त्या निरनिराळ्या खात्यांत ठेवल्या जातात. रामकुंड धर्माच्या खात्यांत, आणि त्र्यंबक रस्त्यावरील महानगरपालिकेचा तलाव व्यायामाच्या खात्यांत. प्रस्तुत लेखांत हीं दोन खातीं एकत्र मांडून पाहावयाचीं आहेत. तलावाचें बांधकाम, पाण्याची गाळणी, शर्यतींचे नियम हें सर्व परदेशांतून आलें ह्यांत शंका नाहीं. परंतु त्याच्या दाराचें मोकळेपण परदेशांतून आलेलें नाहीं; तें आपल्याच तळ्यांच्या आणि कुंडांच्या कांठीं, पुष्कळ किंमत देऊन मिळालेलें आहे, असें माझें मत आहे.

प्रथम रामकुंड. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांत उगम पावून पूर्वेकडे येणारी गोदावरी नाशकांत शिरल्यावर एकाएकीं दक्षिणेकडे वळते. ह्या वळणाशीं, जेथें अरुणा तिला मिळते असें मानतात, तेथें हें कुंड आहे. रामचंद्र पंचवटीस असतां येथें स्नान करीत, व दशरथाचें श्राद्ध त्यांनीं येथेंच केलें, अशी परंपरा सांगतात. पाण्यांत सोडलेल्या अस्थि विरून जातात ह्या श्रद्धेमुळें त्याच्या एका भागास अस्थिविलय तीर्थ असें नांव पडलें आहे. पण आज दिसणारें बांधीव कुंड रामाच्या काळचें नव्हे. तें इ. स. १६९६ सालीं चित्रराव खटारकर नांवाच्या गृहस्थानें बांधलें, व पुढें गोपिकाबाईंनीं, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या मातोश्रींनीं, त्यांत सुधारणा केली, असें इंग्रजी अमदानींतील नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरांत नमूद आहे. त्याच ग्रंथांत कुंडाचें माप ८३ फूट लांब व ४० फूट रुंद असें दिलें आहे.

१६९६ हें साल ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. औरंगजेब दक्षिणेंत तळ देऊन बसलेला, राजाराम महाराज जिंजीस, आणि नाशिक हें मोंगलांच्या दप्तरांत गुलशनाबाद ह्या नांवानें नोंदलेलें. अशा धामधुमींत कोणी एक मनुष्य नदीच्या पात्रांत दगडी पायऱ्या बांधवितो ही गोष्ट लढायांच्या इतिहासांत येत नाहीं; पण राज्य कोणाचेंहि असो, लोकांस आपला पैसा कोठें खर्च करावासा वाटत होता हें तिच्यावरून कळतें. पुढें पेशवाईंत ह्या कांठाला आजचें रूप आलें. १७४७ त नारोशंकरांनीं आपलें देऊळ बांधलें. पोर्तुगीजांकडून आलेली मोठी घंटा त्यावर टांगली गेली. १७९० त सरदार रंगराव ओढेकरांनीं काळ्या रामाचें मंदिर उभारलें. गोपिकाबाई स्वतः उतारवयांत नाशकाजवळ गंगापुरास येऊन राहिल्या. पुत्रशोक आणि पानिपत दोन्ही भोगलेल्या ह्या मानी बाईस पुण्याच्या राजकारणापेक्षां गोदेचा कांठ जवळचा वाटला, ह्यांत नवल नाहीं. लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुष्यकुंड अशीं कुंडांमागून कुंडें नदीच्या पात्रांत बांधलीं गेलीं, आणि वाहत्या नदीला जणूं खोल्या पडल्या.

आतां ह्या खोल्यांत शिरण्याचा रिवाज काय होता तें पाहूं. एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे, कारण आपल्या आधुनिक नजरेस ती सहसा दिसत नाहीं. रामकुंडांत स्त्री आणि पुरुष एकाच पाण्यांत, एकाच वेळीं स्नान करीत आले आहेत. वेळा वांटलेल्या नाहींत, आडोसा नाहीं. नेसत्या वस्त्रानिशीं बुडी मारावयाची, कांठावर येऊन वस्त्र बदलावयाचें, आणि त्या गर्दींत कोणीं कोणाकडे पाहावयाचें नाहीं, हा अलिखित नियम. श्रीमंत यजमान आणि त्याचा गाडीवान एका पायरीवर उभे राहत. तीर्थाच्या ह्या सरमिसळीचें वर्णन पुष्कळांनीं मोठ्या कौतुकानें केलें आहे, आणि तें खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. कारण त्या पायरीवर उभें राहण्यापूर्वींच एक निवड होऊन गेलेली असे. अस्पृश्य मानलेल्या जातींचीं माणसें तेथवर येत नसत, येऊं दिलीं जात नसत. सर्वांचीं पापें धुणारें पाणी ह्या माणसांच्या स्पर्शानें मात्र स्वतःच बाटेल, असा तो हिशेब होता. तीर्थाची शक्ति एवढी मोठी मानावयाची आणि तिचें भय एवढें लहान ठेवावयाचें, ही विसंगति कोणास खटकत नव्हती असें नाहीं. खटकणाऱ्यांचें चालत नव्हतें.

पोहणें म्हणून जें शिकावयाचें तें कुंडांत नव्हेच. तें गांवच्या विहिरींत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचा तुकडा बांधून मुलांस पाण्यांत लोटीत, आणि दोन उन्हाळ्यांत पोरगा काठावरून सूर मारूं लागे. आमच्या पिढींतील बहुतेकांचे हातपाय अशाच विहिरींत हलूं लागले. पण विहीर ज्याची त्याची असे. पाणवठे जातवार वांटलेले असत. आणि ज्यांच्या वांट्याला पिण्याचें पाणीहि ओंजळींत वरून ओतून मिळे, त्यांच्या मुलांनीं सूर कोठें मारावा? पोहतां येणें आणि न येणें ही गोष्टसुद्धां आपल्याकडे बरीचशी जन्मावर ठरत असे.

ह्या स्थितींत पहिला कायदेशीर तडा १९२३ सालीं गेला. मुंबई कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले ह्यांनीं मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मंजूर झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा वगैरे ठिकाणें अस्पृश्यांस खुलीं असावींत, असा त्याचा आशय. शब्दयोजना महत्त्वाची आहे. ठरावानें धर्माचा प्रश्न बाजूस ठेवला, आणि पैसा कोणाचा एवढेंच विचारलें. जो हौद सर्वांच्या करांतून चालतो तो सर्वांचा. एका अर्थीं आजच्या म्युनिसिपल तरणतलावाची खरी कोनशिला ह्या ठरावांत आहे.

महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं ह्या ठरावास अनुसरून आपलें चवदार तळें खुलें केलें, म्हणजे कागदावर खुलें केलें. प्रत्यक्षांत तेथें जाण्याची छाती कोणास झाली नाहीं. मग २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर परिषदेस जमलेल्या हजारों लोकांसह मिरवणुकीनें तळ्यावर गेले, आणि पाणी प्याले. त्या तळ्यावर मुसलमान पाणी भरीत, गुरें पाणी पीत. बाटण्याचा प्रश्न फक्त ह्याच माणसांपुरता उपस्थित होई. त्या दिवशीं परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली : पाण्याच्या घागरी उपसून, पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून. नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. प्रतिपक्षानें दिवाणी दावा लावला. डिसेंबरांत दुसरी परिषद भरली तेव्हां न्यायालयाच्या मनाई-हुकुमामुळें तळ्यावर जाणें तहकूब ठेवावें लागलें. दावा दहा वर्षें चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें निकाल दिला. तळें स्पृश्यांनींच वापरावें अशी अनादि कालापासूनची वहिवाट आहे हें म्हणणें पुराव्यानें शाबीत झालें नाहीं, असा त्याचा मथितार्थ. जी रूढी सनातन म्हणून मिरविली जात होती तिला कोर्टांत स्वतःचें वय सिद्ध करतां आलें नाहीं.

महाडचें तळें आणि नाशिकचें कुंड ह्यांमध्यें अंतर आहे तें केवळ मैलांचें नव्हे. तळें नगरपालिकेचें, तेथें कराचा मुद्दा लागू पडे. नाशकांत गांठ देवाशीं होती. २ मार्च १९३० रोजीं येथें सत्याग्रहाची परिषद भरली, आणि सुमारें १५,००० लोकांची मिरवणूक काळ्या रामाच्या मंदिराकडे निघाली. मंदिराचे चारहि दरवाजे बंद करण्यांत आले होते, तेव्हां मिरवणूक तेथून वळून गोदावरीच्या घाटावर आली, आणि तेथें सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून दरवाजांपुढें सत्याग्रही बसूं लागले. त्यांत स्त्रियाहि होत्या. भाऊराव कृष्णराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड हे ह्या लढ्याचे नाशकांतील कर्ते पुरुष. गांधीजींची दांडीयात्रा ह्यानंतर दहा दिवसांनीं, १२ मार्चला, निघाली. आपल्या शालेय इतिहासांत त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत मिठाचीच गोष्ट असते. नाशकास घडलेलें बहुधा वेगळ्या धड्यांत, वेगळ्या शीर्षकाखालीं येतें. एकाच महिन्यांत, एकाच प्रांताच्या दोन टोकांस, लोक समुद्राचें मीठ आणि देवाचें दार मागत होते, हें विद्यार्थ्यास एकत्र सांगितलें पाहिजे.

९ एप्रिलला, चैत्रांतील कामदा एकादशीस, रथोत्सव होता. दोन्ही पक्षांच्या लोकांनीं मिळून रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती. ती पाळली गेली नाहीं. रथ घाईनें पुढें नेण्यांत आला, दगडफेक झाली, पुष्कळांची डोकीं फुटलीं. ह्या रथयात्रेची सांगता रामकुंडावर देवाच्या अवभृथ स्नानानें होते, हें नाशिककरांस सांगावयास नको. म्हणजे ज्या पाण्यांत देवाला स्नान घालण्यासाठीं रथ निघाला होता, त्या पाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रक्त सांडलें. मंदिराबरोबर रामकुंडांत स्नान करण्याच्या हक्काचा प्रश्नहि सत्याग्रहींनीं पुढें आणला. देवदर्शन एकवेळ पुजाऱ्याच्या मर्जीची बाब म्हणतां येईल. नदींत उतरणें ही तशी बाब कशी म्हणावी, ह्याचें उत्तर सनातन्यांपाशीं रूढीवांचून दुसरें नव्हतें. हा लढा कमीअधिक जोमानें १९३४ पर्यंत चालला, आणि मंदिर उघडलें नाहीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं ह्याच जिल्ह्यांतील येवलें येथें डॉ. आंबेडकरांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं अशी घोषणा केली. काळ्या रामाच्या दरवाजापासून येवल्याचें अंतर फार नाहीं. त्या अंतरांत साडेपांच वर्षें गेलीं.

त्यानंतर पंधरा वर्षांच्या आंत त्याच गृहस्थांच्या अध्यक्षतेखालीं घटनेचा मसुदा तयार झाला. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या घटनेचें पंधरावें कलम वाचकांनीं एकदां मुद्दाम पाहावें. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणांवरून कोणासहि ज्या जागांचा मज्जाव करतां येणार नाहीं, त्यांची तेथें यादी आहे. तींत दुकानें आहेत, उपाहारगृहें आहेत. विहिरी, तलाव आणि स्नानघाट आहेत. जगांतील दुसऱ्या देशांच्या घटनांत नागरिकांच्या मूलभूत हक्कांत आंघोळीच्या घाटाचा उल्लेख शोधूनहि सांपडणें कठीण. आपल्या घटनेंत तो आहे, कारण तो घाट महाडचा होता, नाशिकचा होता. आणि ‘राज्याच्या पैशानें चाललेला’ ही बोले ह्यांच्या ठरावांतील कसोटी तेथेंहि कायम आहे.

आतां पश्चिमेकडील तलावांची गोष्ट. वास्तविक बांधीव हौदांत सामुदायिक स्नान ही कल्पना पश्चिमेची म्हणण्याचें कारण नाहीं. मोहेंजोदडो येथील महास्नानगृह सुमारें १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व अडीच मीटरांच्या आंतबाहेर खोल आहे. पाणी झिरपूं नये म्हणून त्याला डांबराचा थर दिलेला आहे, आणि दोन्ही टोकांस पायऱ्या आहेत. तेथें कोण उतरत असे हें विटा सांगत नाहींत. आधुनिक सार्वजनिक तलाव मात्र इंग्लंडांत, कारखान्यांच्या धुरांतून, जन्मास आला. पटकीच्या सांथींनीं भ्यालेल्या पार्लमेंटानें १८४६ सालीं नगरसंस्थांस करांतून स्नानगृहें व धुण्याच्या जागा बांधण्याची परवानगी दिली. तेथेंहि पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग, त्यांचीं दारें वेगळीं आणि हौद वेगळे असत. गाळणी आणि क्लोरीन हीं साधनें विसाव्या शतकाच्या आरंभानंतर आलीं. तोंपर्यंत हौदाचें पाणी आठवड्यांतून एकदोनदां बदलीत, आणि तें जसजसें गढूळ होई तसतसा प्रवेशाचा दर उतरत जाई. म्हणजे पहिल्या दिवशीं स्वच्छ पाणी पैसेवाल्यांस, आणि शेवटच्या दिवशीं उरलेलें गरिबांस. आपण ज्यांच्याकडून सार्वजनिकतेचे धडे घेतले असें समजतों त्यांच्याकडेहि पाण्याची अशी उतरंड होती.

त्यांनीं मुंबईंत काय केलें तें प्रसिद्धच आहे. ब्रीच कँडीचा तरणतलाव युरोपियनांपुरता होता, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावरहि कित्येक वर्षें तो तसाच राहिला. गंमत अशी कीं, तेथील मोठा हौद अखंड हिंदुस्थानच्या नकाशाच्या आकाराचा आहे. हिंदुस्थानाच्या आकाराच्या पाण्यांत हिंदी माणसास मज्जाव, ह्यापेक्षां नेमकें रूपक एखाद्या कादंबरीकारास सुचलें असतें तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता. आपल्या लोकांनीं चौपाटीवर उभारलेल्या स्नानगृहाच्या नांवांत ‘हिंदू’ शब्द आला. प्रत्येकानें आपापला हौद बांधावा, ही गांवच्या पाणवठ्याचीच रीत सिमेंटांत उतरली म्हणावयाची.

अमेरिकेचा दाखला तर आपल्याशीं विलक्षण जुळतो. सेंट लुई शहरांतील फेअरग्राउंड पार्कचा भव्य तलाव २१ जून १९४९ रोजीं प्रथमच काळ्या मुलांस खुला झाला. त्याच दिवशीं गोऱ्या जमावानें त्यांस मारहाण केली, आणि शहराच्या मेयरानें दुसऱ्या दिवशीं पूर्वीचा भेद पुन्हां चालू केला. महाडच्या नगरपालिकेनेंहि हेंच केलें होतें. तिला कांहीं महिने लागले, मेयरास एक दिवस पुरला. मिसिसिपी राज्यांतील जॅक्सन शहरानें तर सर्वांस एकत्र पोहूं देण्यापेक्षां आपले तलाव बंदच करून टाकले, आणि १९७१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तें चालवून घेतलें : तलाव सर्वांस सारखाच बंद असल्यामुळें भेदभाव झाला नाहीं, असा युक्तिवाद. कायद्याच्या विद्यार्थ्यांस हा निकाल शिकविला जातो. नाशिकच्या वाचकास तो वाचतांना काळ्या रामाच्या मंदिराचे मिटलेले दरवाजे आठवल्यावांचून राहणार नाहींत.

ह्या सर्व पार्श्वभूमीवर मी त्र्यंबक रस्त्यावरील महानगरपालिकेच्या तलावावर गेल्या उन्हाळ्यांत गेलों. पोहण्यासाठीं नव्हे, नात्यांतील एका मुलास पोहावयास घातलें होतें, त्याला सोबत म्हणून. कांठावरील बांकावर तासभर बसावयास मिळालें, आणि प्राध्यापकास बसावयास मिळालें कीं तो मापें काढूं लागतो. जागतिक शर्यतींसाठीं प्रमाण मानलेला तलाव ५० मीटर लांब व २५ मीटर रुंद असतो. रामकुंडाचें गॅझेटियरांतील माप घेऊन हिशेब केला तर तो क्षेत्रफळानें कुंडाच्या सुमारें चौपट भरतो. दोन मीटर खोली धरली तर त्यांत २५ लाख लिटर पाणी मावतें. हें पाणी रोज बदलीत नाहींत, बदलणें शक्यहि नाहीं. तें पंपानें ओढून वाळूच्या गाळणींतून सोडतात, क्लोरीन मिसळतात, आणि पुन्हां हौदांत आणतात. असा फेरा दिवसांतून अनेक वेळां चालतो. क्लोरीनचें प्रमाण दहा लाख भागांत एक ते तीन भाग एवढेंच, पण त्याचा वास दारापासून येतो. पाण्यांत उतरण्यापूर्वीं प्रत्येकानें नळाखालीं आंघोळ करावयाची. हा नियम पाहून मला हसूं आलें, कारण कुंडांत शुद्ध होण्यासाठीं उतरत, आणि येथें उतरण्यासाठीं आधीं शुद्ध होऊन यावें लागतें. सोंवळें गेलेलें नाहीं. त्याचा पत्ता बदलला आहे. तें जन्मापासून निघून कातडीवरील घामापर्यंत आलें आहे, आणि नळाखालीं दोन मिनिटें उभें राहिल्यानें कोणासहि साध्य होतें. एवढ्याशा बदलासाठीं महाडचीं दहा वर्षें आणि नाशिकचीं चार वर्षें खर्चीं पडलीं आहेत.

मुलांच्या रांगेकडे मी बराच वेळ पाहत होतों. उथळ बाजूस कठड्याला धरून वीसपंचवीस पोरें पाय आपटीत होतीं, आणि शिक्षक शिटी वाजवून त्यांस थांबवीत होता. ओल्या अंगानें, सारख्या टोप्या घालून उभ्या असलेल्या पोरांत कोणाचें आडनांव काय हें ओळखण्याचें साधन नव्हतें. शिक्षकानें एका घाबरट मुलाच्या पोटाखालीं हात धरून त्याला पाण्यावर आडवें केलें होतें. पोहणें शिकवावयाचें म्हणजे स्पर्श आलाच. स्पर्शावांचून ही विद्या देतां येत नाहीं. विहिरीवर भोपळा बांधून देणारा काकाहि असाच हात धरी. फक्त तो काका होता.

ह्या तलावास स्वातंत्र्यवीर सावरकरांचें नांव दिलेलें आहे. नांवें देणाऱ्यांच्या मनांत काय असतें कोण जाणे, पण पोहण्याच्या तलावास शोभेल असें नाशिकचें दुसरें नांव सांपडणें कठीण. सावरकर नाशकाजवळच्या भगूरचे, शिक्षण नाशकास. २१ डिसेंबर १९०९ रोजीं येथील विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेऱ्यांनीं कलेक्टर जॅक्सनचा वध केला. त्या प्रकरणांत, लंडनहून आलेल्या पिस्तुलांच्या संबंधांत, सावरकरांस पकडून हिंदुस्थानांत आणीत असतां ८ जुलै १९१० रोजीं मार्सेल्स बंदरांत त्यांनीं ‘मोरिया’ बोटीच्या खिडकींतून उडी टाकली. लोकांच्या सांगण्यांत ह्या पोहण्याचें अंतर वर्षागणिक वाढत गेलें आहे. बोट धक्क्यापासून फार लांब नव्हती, आणि त्या उडीचें खरें महत्त्व हातापायांच्या बळांत नाहीं. फ्रान्सच्या भूमीवर पाय लागल्यावर मनुष्य ब्रिटिशांचा कैदी राहतो कीं नाहीं, हा प्रश्न त्या उडीनें हेगच्या लवादापुढें गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं निकाल ब्रिटनच्या बाजूनें लागला. सावरकरांचें पुढील राजकारण ज्यांस मान्य नाहीं त्यांनींहि, रत्नागिरीस १९३१ सालीं सर्व हिंदूंस खुल्या झालेल्या पतितपावन मंदिराची गोष्ट ह्या संदर्भांत विसरूं नये. काळ्या रामाच्या दारांत सत्याग्रही बसलेले असतांना तें मंदिर उघडलें.

तलावाचें दार अगदींच प्रश्न विचारीत नाहीं असें मात्र नाहीं. तें शुल्क विचारतें. कुंडाला शुल्क नव्हतें. दक्षिणा होती, पण ती पाण्यांत उतरण्याची नव्हती. महिन्याचा पास काढून मुलाला शिकवावयास पाठविणारें घर आणि न पाठवूं शकणारें घर ह्यांमधील रेघ पुसलेली नाहीं. पावसाळ्यांत नदीनाल्यांत, खाणींच्या डबक्यांत बुडणारीं मुलें कोणत्या घरचीं असतात हें वर्तमानपत्र वाचणारा कोणीहि सांगेल. शाळेंत अक्षरओळख जशी फुकट आणि सक्तीची केली तशी पोहण्याची ओळख कोणत्या नगरसंस्थेनें केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. स्त्रियांसाठीं स्वतंत्र वेळ ठेवावी लागते हीहि अशीच एक विचार करण्याजोगी बाब. कुंडावर जी मर्यादा नुसत्या नजरेनें पाळली जाई ती येथें घड्याळानें पाळावी लागते. परंतु त्या घड्याळामुळेंच पुष्कळ मध्यमवयीन बायका आयुष्यांत प्रथम खोल पाण्यांत उतरल्या आहेत. बुडी मारणें त्यांस ठाऊक होतें, तरंगणें नव्हतें.

शेवटीं पाण्याविषयीं. रामकुंडाचें पाणी पूर्वीं नदीचें आणि पात्रांतील झऱ्यांचें असे. पावसाळ्यांत पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेस, छातीस पाणी लागलें कीं शहरास त्याचें माप कळे. २००८ च्या सप्टेंबरांत तर सराफबाजारापर्यंत पाणी आलें. सिंहस्थाच्या निमित्तानें पात्राचा तळ काँक्रीटनें बांधण्यांत आला, त्यामुळें जिवंत झरे बुजले, तें काँक्रीट काढावें, अशी मागणी नदीविषयीं आस्था असलेल्या नागरिकांनीं लावून धरली. आणि शहराचें सांडपाणी गोदावरींत जातें ही तक्रार २०१२ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत गेली. ज्या पाण्याला माणसाच्या स्पर्शापासून इतकीं शतकें जपलें त्याला गटारापासून जपावयाचें राहून गेलें. २०१६ च्या उन्हाळ्यांत दुष्काळामुळें रामकुंड कोरडें पडलें. दूरदूरहून अस्थि घेऊन आलेले लोक पायऱ्यांवर ताटकळत उभे होते. तेव्हां टँकरनें पाणी आणून कुंडांत ओतण्यांत आलें.

शहराच्या नळांस येणारें पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचें. उन्हाळ्यांत रामकुंडांत खेळणारें पाणीहि त्याच धरणांतून सोडलें म्हणजे येतें. गोपिकाबाई जेथें राहावयास गेल्या त्या गांवाचें नांव ह्या धरणास आहे.